गाणारं झाड आणि डोलणाऱ्या तुराट्या

आवाज आधी आला, झाड मागाहून दिसलं. गाडीचं दार उघडलं तसं वाऱ्यानं ते हातातून हिसकावूनच घेतलं, ओढणी तोंडावर आली, आणि त्या फडफडीच्या पलीकडून एक लांबलचक, घोगरा हुंकार कानावर पडला. गाय हंबरतेय म्हणावं, तर माळावर नुसती मेंढरं. शंख म्हणावा, तर एवढा दम कुणाच्या छातीत? भाची हसली. म्हणाली, "चल मावशी, आज ते खुशीत दिसतंय." ते म्हणजे झाड!

इंग्लंडच्या उत्तरेला, लँकेशायरमध्ये बर्नली नावाचं गाव आहे. गावाच्या डोक्यावर क्राउन पॉइंट नावाचा माळ. येरमाळ्याहून वाशीकडं जाताना बालाघाटाचं पठार कसं उघडंबोडकं पसरलेलं असतं, अगदी तसाच. झाड म्हणाल तर औषधाला नाही. पण आपला माळ होळीपर्यंत करपून जातो आणि हा बारमाही ओला. पाऊल टाकलं की जमीन दबते, पाऊल उचललं की पुन्हा फुगून वर येते. वर्षानुवर्षं कुजलेल्या शेवाळाची ती माती, काळीशार, पण आपल्या काळ्या रानासारखी चपलेला धरून बसत नाही. चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचलेल्या भिंती डोंगर चढतात, उतरतात, पार नजरेआड जातात. आपल्याकडं उतारावर ताली घालतात तशाच. पण इतक्या लांब की गवंड्यांच्या किती पिढ्या यात गेल्या असतील, असं वाटून मी उभीच राहिले. मेंढरांच्या पाठीवर निळे-तांबडे ठप्पे. कुणाचं मेंढरू कुठलं हे कळायला रंग लावायचा, ही रीत तिथल्या धनगरांना कुणी शिकवली आणि आपल्यांना कुणी, कुणास ठाऊक.

आणि माळाच्या कडेवर ते.

खरंच झाड वाटतं हो! वाऱ्यानं एका अंगाला रेललेलं, शेंडा विस्कटलेला. जवळ गेल्यावर कळतं की पान नाही, फांदी नाही, सगळ्या लोखंडी नळ्या. जस्ताचा मुलामा दिलेल्या, राखाडी, आडव्या रचलेल्या. खालच्या थरातल्या एकीकडं तोंड करून, वरच्या थरातल्या थोड्या फिरवून, त्याच्या वरच्या अजून फिरवून. कडब्याची गंज लावताना नवशिक्या गड्यानं पेंढ्या वेड्यावाकड्या टाकाव्यात तसं, फक्त इथला वेडेवाकडेपणा मापून केलेला. उंची जेमतेम तीन मीटर. माईक टॉन्किन आणि ॲना लिऊ या दोघा वास्तुविशारदांनी ते घडवलं, 2006 साली. पुढच्याच वर्षी तिथल्या वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेनं त्याला पुरस्कार दिला. नाव आहे 'सिंगिंग रिंगिंग ट्री'.

वारं येतं. आधी गवत झोपतं, मग माझ्या कानाची पाळी गार पडते, आणि पुढच्या क्षणी पोटातून हाक द्यावी तसं झाड बोलतं. एक खालचा सूर, त्याच्यावर दुसरा, तिसरा, मग एक बारीक शीळ मधूनच उठते आणि मोडते. मी एका नळीच्या तोंडाशी कान नेते. कानात नळी नाही, अख्खी घागर घुमते! एक मूल पलीकडून नळीच्या दुसऱ्या तोंडात डोळा लावून बघतंय. त्याचा निळा डोळा मला दिसतो, माझा काळा त्याला. त्याची आई थर्मासमधला चहा ओततेय आणि अनोळखी असूनही मला विचारतेय, घेणार का म्हणून. असल्या वाऱ्यात माणसं एकमेकांशी आपसूक बोलतात, हे मी आपल्याकडंही पाहिलंय.

खरं सांगू? तो आवाज गोड नाही. बासरी ऐकायला मिळेल अशी मनाशी खूणगाठ बांधून मी गेले होते आणि ऐकू आला अख्खा कळप. सूर एकमेकांशी भांडतात, एक चढला की दुसरा त्याला खाली ओढतो. पण पाच-दहा मिनिटं उभं राहिल्यावर लक्षात आलं की बेसूर म्हणायला आधी कुणीतरी वाजवणारा लागतो. इथं वाजवणारा कुणी नाहीच. तुळजापुरात आराध्यांचे दोन मेळे समोरासमोर आले की दोन संबळ, दोन तुणतुणी आणि दोन निराळी गाणी एकमेकांत घुसतात. ते बेसूर आहे असं कधी कुणाच्या मनात येतं का?

सगळ्याच नळ्या गात नाहीत, हेही मला तिथंच कळलं. काही नुसत्या ओझं पेलायला आणि आकाराला. काहींना आडवी चीर दिलेली, त्या गातात. बासरीच्या तोंडाशी फुंकर धारेवर आपटून दुभंगते आणि आतली हवा थरथरायला लागते, तीच ही युक्ती. नळी लांब तर सूर खाली, आखूड तर वर. दोन्ही तोंडं उघडी असलेली मीटरभर नळी सेकंदाला साधारण 170 कंपनं करते. तिचं एक तोंड बंद करा, सूर एकदम अर्ध्यावर उतरतो. इथं नळ्यांच्या पोटाला भोकं पाडून एकेकीचा सूर लावलाय. म्हणजे हा गोंधळसुद्धा जुळवलेला गोंधळ!

माळावरून खाली बघितलं की बर्नली दिसतं, पलीकडं पेंडल नावाचा पालथ्या परातीसारखा डोंगर. दरीत अजून काही चिमण्या उभ्या आहेत, धूर नसलेल्या. हे गाव म्हणजे एकेकाळी मागांचं गाव. आपल्या वऱ्हाड-खानदेशातला कापूस गाठी बांधून मुंबई बंदरातून लँकेशायरला यायचा आणि धोतरजोडी होऊन परत जायचा, तो हा मुलूख. गावाला लागूनच क्वीन स्ट्रीट मिल आहे, 1894 साली बांधलेली, वाफेवर चालणारी, आता संग्रहालय. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून इथल्या विणकर बाया ओठांच्या हालचालींवरून बोलायच्या, तोंड मोठं मोठं करून, आवाज न काढता. गिरण्या बंद पडल्या, गाव गप्प झालं. मग पूर्व लँकेशायरच्या चार उंच जागांवर चार नव्या खुणा उभ्या करायचं ठरलं, त्यातली ही एक. गिरणी गेली तिथं गाणं दिलं, असं कुणी म्हटलं तर मला जरा राग येईल. गाण्यानं चूल पेटत नाही. पण रविवारी त्या झाडापाशी चढून आलेली म्हातारी माणसं बघितली, कानाला यंत्र लावलेली, आणि मी तो राग तिथंच सोडला.

दरीच्या पल्याड पवनचक्क्या फिरत होत्या. कोल क्लफ नावाचं ते ठिकाण. 1992 साली तिथं 24 पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पुढं त्या उतरवून त्यांच्या जागी 8 मोठ्या बसवल्या. त्या बघून मला घर आठवलं नसतं तरच नवल. आमच्या भूम-वाशी-कळंबच्या माळांवर गेल्या काही वर्षांत पवनचक्क्यांचं असं पीक आलंय की रात्री घराच्या मागच्या दारातून बघावं तर सगळ्या क्षितिजावर तांबडे दिवे एकदम लागतात, एकदम विझतात. चाळकेवाडीच्या पठारावरच्या जुन्या पवनचक्क्या बघायला आम्ही मुलांची सहल नेली होती, तेव्हा त्या प्रचंड वाटल्या होत्या. आता आमच्याकडच्या एकेका पात्याची लांबी साठ-सत्तर मीटर! पातं घेऊन ट्रेलर गावच्या वळणावर आला की अर्धं गाव बघायला, आणि उरलेलं अर्धं मोबदल्याचं भांडण घेऊन.

वारं आमच्याकडं कधीच नुसतं आलं नाही, कामाला आलं. माघ-फाल्गुनात खळ्यावर ज्वारीची रास पडायची. आजोबा मूठभर भुसा हातात घेऊन हळूच सोडायचे. तो कुठं जातो, किती लांब जातो, किती सरळ जातो, एवढ्यावर त्यांचा हिशेब. मग तिवई फिरवायची, आजी वर चढायची, पाटी डोक्याच्या वर धरायची आणि हलवायची. दाणा पायाशी, भुसकट लांब. वारं पडलं की सगळे बसून. फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्यानं 1805 साली वाऱ्याला शून्यापासून बारापर्यंत आकडे लावले, तेही यंत्राशिवाय, समोर काय हलतंय ते डोळ्यांनी बघून. आजोबांचा भुसा आणि साहेबाचा आकडा, जात एकच.

परतीच्या वाटेवर भाचीनं आणखी एक गोष्ट सांगितली. ल्यूक जेरम नावाचा कलाकार इराणच्या वाळवंटात, यझ्द गावी गेला होता. तिथं जमिनीखालून पाणी आणणारे मैलोन्‌मैल लांबीचे कालवे आहेत आणि वर ठिकठिकाणी हवेच्या विहिरी. संभाजीनगरची मलिक अंबरची नहर ज्यांनी बघितली असेल त्यांना जास्त सांगायला नको. तर तिथल्या एका विहीर खणणाऱ्यानं त्याला सांगितलं, वारं सुटलं की या विहिरी गातात. त्यावरून जेरमनं कमान रचली, 'इओलस' नावाची, आतून चकचकीत घासलेल्या 310 पोलादी नळ्यांची, आणि काही नळ्यांना लांब तारा जोडल्या. वाऱ्यात तारा गुणगुणायच्या आणि नळ्या ते मोठं करून ऐकवायच्या.

तारांचं ऐकून मी गाडीतच ओरडले, अगं, हे तर आपण केलंय! शाळेतून येताना तारेच्या खांबाला कान लावायचा आणि "मुंबईचं बोलणं ऐकू येतंय" म्हणून एकमेकांना थापा मारायच्या. खांबातून येणारं ते म्म्म्म्‌ कुणी ऐकलं नाही? वारा तारेला ओलांडताना मागं भोवरे सोडतो, एकदा वरून, एकदा खालून, आणि त्या तालावर तार थरथरते. व्हिन्सेन्झ स्ट्रोहाल या चेक शास्त्रज्ञानं 1878 साली त्याचा हिशेब मांडला. वाऱ्याचा वेग आणि तारेची जाडी, एवढ्यावर तो स्वर ठरतो. चार मिलिमीटर जाडीची तार, सेकंदाला पाच मीटर वारा, तर कंपनं सुमारे 250. म्हणजे कान तयार असेल तर स्वर ऐकून वाऱ्याचा वेग सांगता येईल! आम्ही मुंबईची थाप मारत होतो, आणि खांब आम्हाला चक्क हवामानखात्याचा आकडा सांगत होता.

या आकड्यांचंच दुसरं टोक मला स्पेनमध्ये दिसलं. बिल्बाओ हे बास्क लोकांचं शहर, पावसाळी, हिरवं, खाण्यापिण्यात दंग. तिथल्या जुन्या पद्धतीच्या खानावळीत टेबलावर पावाचे चिमुकले तुकडे मांडलेले असतात, प्रत्येकावर मासा नाहीतर मिरची नाहीतर बटाट्याचं काही, काडीनं टोचलेलं. उभ्यानं खायचं, शेवटी ताटलीतल्या काड्या मोजून पैसे. या गावात दारूची एक जुनी कोठी आहे, 1909 सालची. फिलिप स्टार्क या डिझायनरनं तिचं आतून रूप पालटलं आणि ती 2010 साली कलाकेंद्र म्हणून उघडली. आता तिचं नाव अस्कुना सेन्ट्रोआ. आत शिरले आणि बघतच राहिले. 43 बुटके खांब, एकासारखा दुसरा नाही. कुठं संगमरवर, कुठं वीट, कुठं लाकूड. मान वर केली तर छताच्या काचेतून माणसं पोहताना दिसतात! वर तलाव आहे, त्याच्या तळाला काच, आणि खालून आपल्याला फक्त हलणारे पाय आणि सावल्या. नळदुर्गाच्या पाणीमहालात उभं राहिलं की बोरी नदी डोक्यावरून कोसळत असते आणि आपण बंधाऱ्याच्या पोटात कोरडे. ते मी लहानपणापासून बघत आलेय, म्हणून इथं घाबरले नाही, पण पदर मात्र उगाचच सावरला.

आतल्या दालनात अंधूक उजेड आहे. जमिनीवर काळी काळी लहान यंत्रं रांगेनं मांडलेली, आणि प्रत्येकावर उभी एकेक वाळकी काडी. लांब, करडी, वर जरासा फाटलेला तुरा. मी दारातच थबकते. तुराट्या! हजारो कोसांवर, विमानं बदलून, हिंग लावून कुणी विचारणार नाही अशा जागी, कुणीतरी तुराट्यांसारख्या काड्या उभ्या केल्यात! आणि त्या डोलतात. दालनात वाऱ्याचा मागमूस नाही, दारं बंद, आणि 126 काड्या एकदम डावीकडं झुकतात, थरारतात, सरळ होतात, पुन्हा झुकतात. खाली मोटारींची बारीक कुरकुर. माझ्या अंगावर सर्रकन काटा येतो.

डेव्हिड बोवेन या अमेरिकन कलाकाराची ती करामत, 'टेली-प्रेझेंट विंड'. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डुलुथ नावाचं गाव आहे, लेक सुपीरियरच्या काठी. ते तळं म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे दहा-अकरा जिल्हे बुडतील एवढं. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात एक वाळकी काडी उघड्यावर उभी केली होती, तिला हालचाल टिपणारं यंत्र जोडलं होतं. तिथं वारं सुटलं, काडी हलली, की ती किती आणि कुठं कलली याचे आकडे त्याच क्षणी समुद्रापलीकडं यायचे आणि इथल्या 126 काड्या तेवढ्याच, त्याच अंगाला कलायच्या. बिल्बाओत संध्याकाळचे पाच वाजलेले, तिथं सकाळचे दहा. म्हणजे तिकडं सकाळच्या उन्हात वाहणारं वारं मी इकडं बंद खोलीत बघत होते!

मला राहवेना. घरी व्हिडिओ कॉल लावला. आईनं चष्मा चढवला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "घरात कशाला गं एवढ्या तुराट्या उभ्या केल्यात? उंदीर होतेल की." मग जरा थांबून, "पण ह्या सगळ्या एकदमच कशा काय हलतेत?"

शेतात उभं आयुष्य काढलेल्या बाईनं जे विचारलं ते मला अर्धा तास उभं राहून सुचलं नव्हतं. आपल्या रानात असं होत नाही. ज्वारी पोटऱ्यात आली की वारं या बांधावरून शिरतं आणि त्या बांधापर्यंत पळतं. पुढचं ताट वाकतं, मागचं उठतं, लाट जाताना दिसते. दोन ताटं एकाच वेळी तशीच वाकली असं कधी घडत नाही. इथं मात्र पलटणीसारखं, एक झुकली की साऱ्या झुकल्या. कारण तिकडं काडी एकच आहे. एका काडीनं भोगलेलं वारं 126 जणी सांगतात. आकड्यांत आणलेल्या वाऱ्याचं हेच असतं. जिथं यंत्र ठेवलं तिथलं तेवढं कळतं, मधलं सगळं रान अंधारात. बर्नलीच्या झाडावर आकडा एक नव्हता, पण त्या माळावरचा झोत न्‌ झोत त्यात शिरत होता. दोन नळ्यांना कधी सारखं वारं मिळालं नाही, म्हणून तर ते भांडण. बोवेनला हे ठाऊक नसेल असं मला मुळीच वाटत नाही. त्या कवायतीत गंमतही आहे आणि भीतीही, आणि ती त्यानं मुद्दाम ठेवली असावी. तरी निवडच करायची झाली तर मी त्या बेसूर झाडाकडं जाईन.

आमच्या माळावरच्या पवनचक्क्या तरी दुसरं काय करतात? प्रत्येकीच्या माथ्यावर वारा मोजणारं यंत्र असतं. ती वाऱ्याकडं तोंड फिरवते, पात्यांचा कोन बदलते, आणि वेग, दिशा, युनिट असे आकडे दूरच्या कुठल्याशा पडद्यावर जातात. गावातल्या माणसाच्या वाट्याला येतो तो फक्त फुस्‌... फुस्‌... आवाज, रात्री अंथरुणात ऐकू येणारा. आकडे तिकडं, आवाज इकडं.

घरी परतल्यावर मी पडवीत सगळ्यांना चित्रफिती दाखवल्या. असं झाड आपल्या जिल्ह्यात कुठं शोभेल यावर वाद पेटला. पुतण्या म्हणाला, नळदुर्गाच्या उपळी बुरुजावर. तिथं पायऱ्या चढून वर गेलं की वारं टोपी उडवतंच. आईनं येडेश्वरीचा डोंगर सांगितला, चैत्री पुनवेच्या यात्रेत चुनखडी वेचायला आलेली सगळी माणसं ऐकतील म्हणून. भाऊ म्हणाला, कुठंही लावा, आठ दिवसांत भंगारवाला नेईल. मी म्हटलं, भंगारवाल्याच्या आधी कुंभारीण येईल. इकडं नळी दिसली की ती माशी मातीचं घर बांधून बुजवतेच, बोअरच्या मोटारीचा पाइप उघडा ठेवून बघा. नळ्यांना जाळी लावू, असं भावाचं म्हणणं. जाळी लावल्यावर वाजेल का, असं आईचं.

शेवटी भावानं बोअरच्या केसिंगचा उरलेला तुकडा काढला, करवतीनं त्याला आडवी चीर पाडली, एक तोंड लाकडी गुट्टा ठोकून बंद केलं आणि विहिरीच्या थारोळ्याजवळ दोन बांबूंना आडवा बांधला. अजून वाजलेला नाही. तो म्हणतो चीर चुकलीय, अजून एक पाडतो. मी म्हणते, हात लावू नकोस, आखाड तर लागू दे.